त्याची राज्यसेवा पूर्व २८ सप्टेंबरला, माझं सेमिस्टर १ ऑक्टोबरपासून

निळी_छत्री | १४ जून २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, लिहितेय पहिल्यांदाच. मोबाईलवरून टंकतेय, चुका सांभाळून घ्या.

मी २६ वर्षांची, कराडची. हिंजवडीत नोकरी करते. तो २८ चा, परांडा तालुक्यातला (जि. धाराशिव). पुण्यात कॉलेजला एकत्र होतो, तेव्हापासून आमचं जमलेलं आहे. डिग्रीनंतर त्याने थोडे दिवस नोकरी केली, सोडली आणि सदाशिव पेठेत राज्यसेवेच्या (एमपीएससी) तयारीला बसला. एकदा मुख्य दिली, थोडक्यात हुकली. त्यानंतर पूर्व परीक्षेतच अडकला. आणि आता २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय. ९ पेपर, १७५० गुण, वर २७५ ची मुलाखत. शिवाय वैकल्पिक विषय नव्याने. आधीची मुख्य बहुतेक बहुपर्यायी होती, त्यामुळे इतक्या वर्षांच्या टाचणांतली निम्मी बाद.

माझं असं की मला जर्मनीतल्या केमनिट्झच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअरच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. हे माझ्या डोक्यात थर्ड इयरपासून आहे आणि त्यालाही तेव्हापासून माहीत आहे. विंटर सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं. म्हणजे ज्या आठवड्यात त्याची पूर्व, त्याच आठवड्यात माझं विमान.

"जाऊ का नको" हे विचारायला आलेले नाही. मी जातेय. पप्पांनी घर तारण ठेवून कर्ज काढलंय. प्रश्न हा आहे की जाण्याआधी आम्ही एकमेकांशी नक्की काय बोलायला हवं.

तो म्हणतो, "तू जा, मी अडवणार नाही." हे वाक्य ऐकलं की मला का कोण जाणे संताप येतो. पुढचं काय विचारलं की, "आधी पूर्व होऊ दे." आमच्यात सगळंच पूर्व झाल्यावर असतं. फिरायला जाणं, घरी सांगणं, भांडणसुद्धा. पण तोही उलटून म्हणतो, "तुझं तरी कुठे ठरलंय परत यायचं?" आणि खरंच ठरलेलं नाही. त्याला पोस्ट मिळाली तर तो कुठल्या तरी तालुक्याच्या गावी असेल, तिथे गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम कुठून आणू? मला तिकडे नोकरी लागली तर तो येऊन काय करणार? सॅक्सनीत (केमनिट्झ ज्या राज्यात आहे तिथे) नायब तहसीलदाराची जागा निघत नाही.

फोन केला की तो अभ्यासिकेतून उठून जिन्यात येतो आणि दबक्या आवाजात बोलतो. मागे कुणीतरी येरझाऱ्या घालत घटनेची कलमं पाठ करत असतं. २४३ ची पोटकलमं मला ऐकून ऐकून पाठ झालीत.

घरी: आईला माहीत आहे, पप्पांना नाही. मुलगी जर्मनीला चाललीय म्हटल्यावर माझ्या बायोडेटाला भलताच भाव आलाय. आणि हो, जात वेगळी आहे. त्यावर चर्चा नको, ते आमचं आम्ही बघू.

---

गवतीचहा

वाचतेय. त्या वाक्याचा संताप का येतो ते सांगू? कारण "अडवणार नाही" म्हणणारा "थांबेन" म्हणत नाही आणि "येईन" पण म्हणत नाही. मोठेपणा घेऊन बाजूला उभा राहतो. उद्या मोडलं तर मोडणारी तू.

---

साहेब_होणार_होतो

गवतीचहा, जरा थांबा. मी त्याच पेठेतून आलोय, त्याची बाजू मांडतो.

"आधी पूर्व होऊ दे" ही टाळाटाळ नाही, म्हणजे सगळी नाही. तयारी करणाऱ्याचं डोकंच तसं होतं. त्याच्या हातात पुढची तारीखही नसते. गेल्या वर्षीचंच बघा. २०२४ ची पूर्व २५ ऑगस्टला ठरली होती. त्याच दिवशी बँकांची परीक्षा आली, कृषी सेवेच्या जागांचाही प्रश्न होता, मुलं शास्त्री रोडवर रात्रंदिवस बसली आणि शेवटी पेपर झाला १ डिसेंबरला. एका पूर्वला वर्ष गेलं. अशा माणसाला "दोन वर्षांनी आपण कुठे असू" विचारलं तर तो काय सांगणार? त्याला ऑक्टोबरात मेस कुठली लावायची तेही माहीत नसतं.

पण निळी_छत्री, एक गोष्ट मात्र त्याला विचाराच. लग्नाचं नको विचारू, परत येण्याजाण्याचंही नको. "शेवटचा अटेम्प्ट कुठला?" एवढंच विचार. वयाची अट खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे आयोग तुम्हाला कधीच "आता पुरे" म्हणत नाही. ते आपलं आपण म्हणावं लागतं, आणि पेठेत कुणी म्हणत नाही, कारण शेजारच्या टेबलवरचा पस्तिशीतला दादा अजून बसलेला असतो. दर वर्षी एखाद्याची पोस्ट निघते, गुलाल उधळला जातो, गावात जीपमधून मिरवणूक निघते, की बाकीच्यांना आणखी दोन वर्षांचं बळ येतं. मी गावी जाणं सोडलं होतं. पारावर बसलेला प्रत्येक जण विचारायचा, "कुठवर आलं?"

माझ्यासाठी थांबलेली मुलगी होती. मी तिला तारीख दिली नाही. तिच्या घरच्यांनी दिली. आता मी इंदापूरकडे एका पतसंस्थेत आहे, बरं चाललंय.

---

नाममात्र

स्पष्ट बोलतो, राग नको. कमावती मुलगी, पुढे शिकायला निघालेली. मुलगा वर्षानुवर्षं बसून. हे लांबच्या अंतराचं प्रकरण नाहीच, तू पुढे गेलीस आणि तो मागे राहिला. सप्टेंबरात विमानतळावरच संपवा, दोघंही मोकळे.

---

निळी_छत्री

नाममात्र, "बसून" हा शब्द मागे घ्या ही विनंती. तो सकाळी एका क्लासमध्ये शिकवतो, टेस्ट सिरीजचे पेपर तपासतो, खोलीचं भाडं आणि मेस स्वतः भागवतो. माझ्याकडून एक रुपया घेतलेला नाही, उलट चहाचे पैसे देण्यावरून भांडतो. पुढे-मागे कोण ते पगारावरून ठरत असेल तर मला हा धागा काढायचीच गरज नव्हती.

साहेब, तुमचा प्रश्न लिहून ठेवलाय. विचारायला धीर लागेल.

---

एल्बेकाठचा

ड्रेस्डेनहून. केमनिट्झ इथून तासाभरावर, आपली बरीच मुलं आहेत तिथे. भावनांचं बाकीचे बघतील, मी हिशेब सांगतो, कारण पहिल्या वर्षात भांडणं हिशेबावरूनच होतात.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि महिन्याला ९९२ हातात येतात. केमनिट्झ स्वस्त आहे, भागतं. पण दर सहा महिन्यांनी भारतात फेरी वगैरे डोक्यातून काढून टाक. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. ते करशील, म्हणजे शनिवार-रविवार गेले.

घड्याळ: उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. ऐकायला किरकोळ वाटतं. तुझी लॅब सहाला सुटली की त्याचे साडेदहा वाजलेले. तुला दिवसभराचं सांगायचं असतं, त्याला उद्याचं टार्गेट असतं. डिसेंबरात इथे चारलाच अंधारून येतं. त्या दिवसांत माणसाला फार बोलावंसं वाटतं, तेही समोरच्याला झेपेल त्यापेक्षा जास्त.

पुढचं: डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. सध्या इथल्या गाड्यांच्या कंपन्या माणसं कमी करताहेत, जर्मन भाषेची बी-१ पातळी तरी करूनच ये, नुसत्या इंग्रजीवर आता पूर्वीसारखं निभत नाही. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराचा राहण्याचा परवाना) मिळालं तर नवऱ्याला यायच्या आधी जर्मनची ए-१ ही प्राथमिक परीक्षाही द्यावी लागत नाही आणि आल्यावर काम करायची मोकळीक असते. मोकळीक असते म्हणालो, काम मिळतं असं नाही म्हणालो. माझी बायको पुण्यात वकिली करायची. इथे तिची सनद म्हणजे भिंतीवर लावायचा कागद. दोन वर्षं ती माझ्याशी नीट बोलत नव्हती आणि तिचं बरोबर होतं.

---

वाशिष्ठी

सगळं वाचलं. मी चिपळूणची, वय साठीच्या पुढे. तुम्हा मुलांना अंतराचं एवढं नवल का वाटतं कळत नाही. आमच्या वाडीत नवरा घरात असणं हीच नवलाई होती. आजोबा गिरणीत, चुलते बोटीवर, आणि माझं लग्न ठरलं ते कुवेतवाल्याशी. १९८९ साल.

पत्र यायचं, आणि कुणी गावी येणारा असला की त्याच्याबरोबर कॅसेट. हे अर्धा तास बोलून भरून पाठवायचे. मागे एसीची घरघर आणि खोलीतल्या कुणाचा तरी खोकला. पण ती कॅसेट मला एकटीला ऐकायला मिळाली असं कधी झालं नाही. टेप सासरच्या माजघरात, सगळे गोल करून बसायचे. त्यामुळे त्यात काय असणार? आईच्या गुडघ्यांची चौकशी, आंब्याचं कलम, पैसे पोचले का. माझ्यासाठी शेवटी एक वाक्य, "बाकी सर्वांना नमस्कार." त्या सर्वांत मी.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं आणि सगळंच बंद. पत्र नाही, फोन नाही. एसटीडी बूथवाल्याला माझा चेहरा पाठ झाला होता. पावणेदोन लाखांच्या आसपास आपली माणसं अम्मानमार्गे विमानांनी आणली, त्यात हे आले. एक पिशवी घेऊन. वर्ष व्हायच्या आत परत निघाले, या वेळी दुबई.

सांगायचं काय, तर आम्ही टिकलो, त्याचं कौतुक करतात लोक. पण टिकायला वेगळं काही करावं लागलं नाही, कारण जायचं फक्त एकालाच होतं. मला टीचर व्हायचं होतं, डी.एड.चा फॉर्म आणलेला होता, कुणी विचारलंही नाही. दुसऱ्याला कुठेच जायचं नसलं की अंतर सोपं असतं गं. तुमच्यात दोघांनाही जायचंय. याला आमचा दाखला चालणार नाही, म्हणून कुणी वडीलधाऱ्यांनी "आमच्या वेळी" म्हणून सुरू केलं तर ऐकून सोडून दे. माझंही.

---

गवतीचहा

वाशिष्ठीताई __/\__
'त्या सर्वांत मी' वर थांबले.

---

आडवाटेचा_माणूस

महसूल खात्यात आहे, जास्त ओळख देत नाही. साहेबांनी तयारीचं सांगितलं, मी पोस्ट निघाल्यानंतरचं सांगतो, कारण मुलामुलींना वाटतं यादीत नाव आलं की सगळं मार्गी लागतं.

निवड झाली की प्रशिक्षण, मग परिविक्षा (प्रोबेशन), मग पहिली नेमणूक जिथे पाठवतील तिथे. रात्री वाळूच्या गाड्या अडवायच्या, निवडणूक आली की तीन महिने घर विसरायचं, पाऊस झाला की पंचनामे. माझी बायको प्राध्यापक, दुसऱ्या जिल्ह्यात, खासगी संस्थेत. पती-पत्नी एकत्रीकरणाची सोय असते म्हणतात, पण ती दोघंही सरकारी सेवेत असतील तर. सॉफ्टवेअरवालीला त्याचा उपयोग शून्य. म्हणजे निळी_छत्री, तू कराडातच राहिली असतीस तरी तो तुझ्यापासून लांबच असता. हे अंतर जर्मनीमुळे आलं असं तोही धरून बसला असेल तर त्याला माझा प्रतिसाद वाचून दाखव.

अवांतर: तहसीलदाराच्या बायकोला हळदीकुंकवाला पहिला मान असतो. केमनिट्झमध्ये ते नाही, विचार कर. (दिवा घ्या, गंमत करतोय)

---

निळी_छत्री | ६ जुलै २०२५

विचारला. आषाढीची सुट्टी होती, अभ्यासिका बंद, म्हणून लकडी पुलावरून चालत चालत डेक्कनपर्यंत गेलो आणि तिथे विचारलं.

तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं आता "आधी पूर्व" येणार. म्हणाला, "२०२६ ची. नव्या पॅटर्नला दोन संधी देतो, त्यापुढे नाही." मग राज्यसेवेच्या खालच्या गट-ब परीक्षेचा फॉर्म पण भरतो म्हणाला, जो तो इतकी वर्षं कमीपणाचा समजायचा. मी खूश होऊन काही बोलणार तेवढ्यात त्याने विचारलं, "आणि तुझा शेवटचा अटेम्प्ट कुठला?"

म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, डिग्री झाल्यावर ते १८ महिने मिळतात ना, त्यात नोकरी नाही लागली तर परत, हे मला कळतं. लागली तर? कर्ज फिटलं की परत? की सिटीझनशिप? की "बघू"? तुझं "बघू" आणि माझं "पूर्व होऊ दे" यात फरक काय?

मला उत्तर देता आलं नाही. अजून आलेलं नाही. मला तिथे राहायचंच आहे असं नाही, पण परत यायचं वचन देऊन जावं असंही वाटत नाही, कारण मग तिथलं प्रत्येक काम करताना माझ्या खिशात परतीचं तिकीट असणार. हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हे पटलं नाही, पण खरं बोललीस." मग दोघांनी भजी खाल्ली. पैसे त्याने दिले.

---

नाममात्र

मुलगा बरा आहे. "बसून" मागे घेतला.

---

साहेब_होणार_होतो

तारीख देतो म्हणजे अर्धी लढाई त्याने मारली. आता त्या तारखेला तू साक्षीदार आहेस, २०२६ नंतर "फक्त एक शेवटचा" म्हणाला तर हा धागा दाखव. आणि पप्पांना सांग लवकर. विमानात बसल्यावर फोनवरून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

---

निळी_छत्री | २८ ऑक्टोबर २०२५

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून एकदाच लिहिते.

पप्पांना सांगितलं. ते दोन दिवस बोलले नाहीत, मग विचारलं, "आयोगाचा निकाल कधी?" जातीचं काही बोलले नाहीत, अजून तरी. आई म्हणते त्यांना धक्का जातीचा नाही, आईला आधी माहीत होतं याचा बसलाय.

मी आले केमनिट्झला. पण जे ठरवलं होतं त्यातलं काही तसं झालं नाही. तुम्हाला माहीतच आहे सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं. सीनेला पूर आला, परांडा तालुक्यात हेलिकॉप्टरने माणसं काढावी लागली. परीक्षा तोंडावर असताना तो गावी गेला, कारण तात्यांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, फोन लागत नव्हता. घर वरच्या अंगाला म्हणून वाचलं. सोयाबीन गेलं, गोठ्यातली म्हैस आणि दोन वासरं गेली, विहीर गाळाने भरली. नदीकाठच्या पट्टीत माती उरलेली नाही, दगड दिसताहेत. पूर्व पुढे ढकलून ९ नोव्हेंबर झाली ते त्याला मी सांगितलं, कारण त्याच्याकडे तेव्हा नेटच नव्हतं.

मी मुंबईहून निघाले तेव्हा तो यायचा होता, अर्थातच आला नाही. मला राग आला नाही असं म्हणणार होते, पण आला. विमानात आला. त्या परिस्थितीत राग येणं किती वाईट वगैरे सगळं कळत होतं, तरी आला.

आठवडाभर त्याने पंचनाम्यासाठी गावातल्या लोकांचे अर्ज लिहून दिले. तलाठी एकटा, गावं तीन. फोनवर म्हणाला, "चार वर्षं आपत्ती व्यवस्थापन पाठ करतोय, आज कळलं फॉर्म कुठला असतो." तात्यांनी त्याला हाकललं शेवटी, पुण्याला जा म्हणून. गेला, पण आता तात्यांचा पैशाचा आधार गेलाय आणि क्लासचे तास वाढवलेत. माझ्याकडून घे म्हटलं तर फोन ठेवला.

सध्या असं ठरलंय की ९ तारखेपर्यंत रोज बोलायचं नाही, फक्त रविवारी. त्यानेच मागितलं. मी हो म्हटलं, मनापासून नाही म्हटलं. परवाच घड्याळ मागे गेलं, एल्बेकाठचा यांनी सांगितलेला साडेचारचा फरक सुरू झाला. इथे माझ्या वर्गात सगळे हुशार आहेत, मला दोन विषय जड चाललेत, आणि मला मजा येतेय. ही शेवटची गोष्ट त्याला सांगताना मी आवाज लहान करते, असं परवा लक्षात आलं. त्याच्याही आलं असावं. म्हणाला, "मजा येत असेल तर सांगत जा ना, मला इथे तेवढंच नवीन ऐकायला मिळतं."

पुढचं माहीत नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तरही अजून दिलेलं नाही.

---

वाशिष्ठी

विमानात राग आला हे लिहिलंस ते बरं केलंस. माझे कितीतरी राग कॅसेटवर मावले नाहीत.
जेवण नीट करत जा. कोकम पाठवू का कुणाबरोबर?

---

आडवाटेचा_माणूस

मी तेव्हा शेजारच्याच जिल्ह्यात पंचनाम्यांवर होतो. असा अर्ज लिहून देणारा पोरगा गावात असला की आमचं निम्मं काम हलकं होतं. मुलाखतीपर्यंत पोचला तर हे त्याला सांगता येईल, तेही न फुगवता. शेतजमीन खरवडून गेल्याची मदत वेगळी असते, पिकाची वेगळी. दोन्ही लागल्यात का ते तात्यांना तलाठ्याकडे बघून घ्यायला सांग. म्हशीच्या पंचनाम्याला पशुवैद्यकाची सही हवी.

---

निळी_छत्री

ही माहिती नव्हती, फार आभार. खरवडीचं राहिलंय बहुतेक. ताई, कोकम आहे माझ्याकडे, पण नाही म्हणवत नाहीये.

---

साहेब_होणार_होतो

त्याला एक निरोप. पुरात गेलेले दिवस पहिल्या पेपरच्या वाचनाने भरून काढायच्या नादात सीसॅट (पूर्वचा दुसरा पेपर) सोडू नको म्हणावं. ३३ टक्के नुसते पात्रतेचे म्हणून सगळे गृहीत धरतात आणि तिथेच आपटतात. रोज एक तास उतारे, बाकी काही नवीन हातात घेऊ नको. आणि पत्ता व्यनि कर, नव्या पॅटर्नच्या निबंधाच्या नोट्स माझ्या पुतण्याकडे दोन प्रती आहेत. पैसे द्यायला लागला तर सांग, दादाने दिल्यात, पोस्ट निघाल्यावर बघू.

---

निळी_छत्री

पत्ता पाठवलाय. निरोप आजच देते, आमचा रविवार नसला तरी.